नाणेघाटचा खंडित लेख आणि उपपत्ती रचणारा वाचक

१

एखाद्या कृतीचा शेवट संदिग्ध राहिला म्हणजे तिचा वाचक स्वस्थ बसत नाही. जे सांगितलेले नाही ते तो सांगितलेल्या खुणांवरून जुळवू लागतो, आणि असे जुळविलेले पुष्कळदा मूळ कृतीइतकेच त्याच्या विश्वासाचे होऊन बसते. ह्या प्रवृत्तीचा विचार प्रस्तुत निबंधात जुन्नर तालुक्यातील नाणेघाटच्या शिलालेखाच्या आधारे करावयाचा आहे. परंतु प्रारंभी एक अगदी अलीकडचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. कारण त्यात ही प्रवृत्ती थोड्या काळात आणि उघडपणे घडताना पाहावयास मिळते.

कॅनडातील बायोवेअर ह्या संस्थेने २००७, २०१० व २०१२ ह्या वर्षी 'मास इफेक्ट' नावाच्या विज्ञानकथात्मक व्हिडिओ गेमचे तीन भाग प्रसिद्ध केले. रीपर नावाची प्रचंड यंत्रे ठराविक काळाने आकाशगंगेतील प्रगत संस्कृतींचा संहार करतात, आणि त्यांच्या सान्निध्यात राहणाऱ्याचे मन नकळत त्यांच्या अधीन होते, अशी त्यातील कल्पना आहे. खेळणारा हा कमांडर शेपर्ड ह्या प्रमुख पात्राच्या भूमिकेत असतो व एका भागात त्याने घेतलेले निर्णय पुढील भागांत त्याच्याबरोबर येतात. मार्च २०१२ मध्ये आलेल्या तिसऱ्या भागाच्या अखेरीस त्याच्यापुढे तीन पर्याय ठेवलेले होते. परंतु कोणताही निवडला तरी दिसणारी दृश्ये बव्हंशी सारखीच, केवळ रंग निराळे. सोबत्यांचे काय झाले, हेही धड कळत नव्हते. तेव्हा चाहत्यांनी एक उपपत्ती मांडली, ती 'इंडॉक्ट्रिनेशन थिअरी' ह्या नावाने प्रसिद्ध आहे. तिच्याप्रमाणे ही शेवटची दृश्ये खरी नव्हेत. रीपरांच्या अधीन होऊ लागलेल्या मनात चाललेला तो झगडा आहे. पुरावा म्हणून त्यांनी मूळ खेळातीलच खुणा दाखविल्या: इतर कोणाच्याही दृष्टीस पडत नसावा असे वाटणारा एक लहान मुलगा, स्वप्नांतील काळ्या छाया, आणि एका पर्यायाच्या शेवटी ढिगाऱ्याखालील देहाने घेतलेला एक श्वास.

जून २०१२ मध्ये संस्थेने शेवटाची विस्तारित आवृत्ती विनामूल्य दिली. तीत ह्या उपपत्तीस पुष्टी नव्हती. तरीही काही चाहत्यांनी नवी दृश्येदेखील त्याच भासाचा भाग मानली. येथे खरी अडचण उत्पन्न होते. जी उपपत्ती आपल्याविरुद्धचा पुरावाही आपल्याच बाजूस वळवून घेते, तिला खोटे ठरविण्याचा मार्गच उरत नाही. मात्र म्हणून ही सारी खटपट हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. बारकाईने वाचणे, अंतर्गत पुरावा गोळा करणे, विसंगतीचा अर्थ लावणे ही आपलीच साधने आहेत. प्रश्न एवढाच आहे, की ती वापरताना इतिहासाच्या अभ्यासकाने कोणते पथ्य सांभाळावे?

२

जुन्नर व आंबेगाव ह्या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीची धार आहे. आंबेगावातील आहुपे घाटाप्रमाणे अनेक वाटा तेथून कोकणात उतरतात. त्या वाटांमध्ये ऐतिहासिक दृष्ट्या अग्रस्थान नाणेघाटास द्यावे लागेल. जुन्नरपासून पश्चिमेस तीस-पस्तीस किलोमीटरांवर, घाटघर गावाजवळ, जीवधन किल्ल्याच्या शेजारी हा घाट आहे. जुन्नरची प्राचीन बाजारपेठ त्याने कल्याणच्या बंदराशी जोडली होती. घाटमाथ्याच्या किंचित खाली, कोकणाकडे तोंड करून, एक लेणे खोदलेले आहे. त्याच्या डाव्या व उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत एक दीर्घ लेख आहे. मागील भिंतीवर एके काळी पुरुषप्रमाण मूर्तींची रांग होती. मूर्ती नष्ट झाल्या. त्यांच्या पायांच्या खुणा आणि माथ्यावरील नावे तेवढी राहिली.

ती नावे अशी: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा श्री सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी आणि कुमार सातवाहन. मधल्या एका मूर्तीचे नाव वाचता येत नाही.

मोठ्या लेखाचा आरंभ धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव ह्यांच्या आणि चार लोकपालांच्या वंदनाने होतो. पुढे वेदिश्री ह्या कुमाराचा उल्लेख येतो आणि मग एका राणीची विशेषणे. ती अंगिय कुळाची कीर्ती वाढविणाऱ्या महारठीची कन्या, वेदिश्रीची माता, महिनाभर उपवास करणारी, घरात तापसीप्रमाणे राहणारी, ब्रह्मचर्य पाळणारी, दीक्षा, व्रते व यज्ञ जाणणारी आहे. त्यानंतर यज्ञांची व दक्षिणांची यादी सुरू होते. अग्न्याधेयासाठी १२ गाई व १ घोडा. दुसऱ्या एका यज्ञासाठी १,७०० गाई व १० हत्ती. आणखी एकासाठी ११,००० गाई व १,००० घोडे. कोठे २४,४०० कार्षापण. अश्वमेध व राजसूय ह्यांचे उल्लेख आहेत. उजव्या भिंतीवर ही यादी चालूच राहते, आणि शेवटच्या ओळी इतक्या झिजलेल्या आहेत, की यज्ञांच्या नावांच्या व आकड्यांच्या तुकड्यांतच वाचनीय मजकूर संपतो. लेख पुन्हा राणीकडे वळला होता काय, तो कोणत्या प्रसंगी कोरला, त्या वेळी राज्य कोणाचे होते, ह्यांपैकी कशाचेही उत्तर शेवटी मिळत नाही.

३

ह्या लेखाच्या वाचनाचा इतिहास हा त्यातील रिकाम्या जागा भरण्याचाही इतिहास आहे. विल्यम साइक्स ह्या लष्करी अधिकाऱ्याने १८२८ च्या उन्हाळ्यात हे लेणे पाहिले व लेखाची डोळ्यांनी पाहून नक्कल केली. त्याने लेणे बौद्ध मानले. त्याचे अनुमान अगदीच निराधार नव्हते. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत बौद्ध लेण्यांचे मोठे समूह आहेत, तेव्हा हेही त्यांपैकीच असावे असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडल्यानंतर त्या भिंतीवरून वैदिक यज्ञ बाहेर पडले. साइक्सची उपपत्ती परिसरावरून केलेली होती. मजकूर वाचता येताच ती मागे पडली, आणि तसे होऊ शकले हाच तिचा गुण म्हटला पाहिजे.

पुढे भगवानलाल इंद्रजी ह्यांनी १८७६ मध्ये ह्या लेखातील अंकचिन्हांकडे लक्ष वेधले. भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात नाणेघाटच्या आकड्यांना आज जे स्थान आहे, त्याचा प्रारंभ तेथे आहे. इंद्रजींनी लेखाच्या शेवटाबद्दल तर्क केला नाही. जे उरले होते त्यातून त्यांनी एक निराळीच विद्याशाखा समृद्ध केली. १८८३ मध्ये गेओर्ग ब्यूलर ह्यांनी संपूर्ण लेखाचे वाचन व भाषांतर प्रसिद्ध केले. लिपीवरून त्यांनी हा लेख इ.स.पू. दुसऱ्या शतकात नेला. नंतरच्या काळात दिनेशचंद्र सरकार ह्यांनी अक्षरवळणांच्या अधिक व्यापक तुलनेवरून तो इ.स.पू. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात आणला. ह्या फरकाबरोबर सातवाहनांच्या आरंभाचा सारा कालक्रम हलतो. परंतु दोन्ही मते ज्या कसोटीवर उभी आहेत ती कसोटी सर्वांस खुली आहे: नवे लेख मिळाले, की अक्षरे पुन्हा ताडून पाहता येतात.

४

खरा पेच राणीविषयी आहे. मोठ्या लेखाच्या उपलब्ध भागात तिचे नाव पूर्ण व स्पष्ट उरलेले नाही. ती नायनिका, म्हणजे नागनिका, ही ओळख शेजारच्या नामलेखावरून ठरविलेली आहे. ती ओळख बळकट आहे, तरी ते अनुमान आहे हे विसरता कामा नये. ती लेखाच्या वेळी विधवा होती, हेही ब्रह्मचर्य व तापसीवृत्ती ह्या विशेषणांवरून काढलेले अनुमान होय.

मग यज्ञ कोणी केले? राणीच्या विशेषणांपाठोपाठ यज्ञ झाल्याचे शब्द येतात, मग दगड तुटलेला, मग 'राजा' हा शब्द, आणि पुन्हा यज्ञ केल्याचा उल्लेख. ज्या ठिकाणी कर्ता असावयाचा, नेमकी तीच जागा गेलेली आहे. त्यातच प्राकृताचे व्याकरण मदतीस येत नाही. प्राकृतात स्त्रीलिंगी नामांची तृतीया व षष्ठी ह्यांची एकवचनी रूपे सारखीच असतात. 'राणीने केले' आणि 'राणीचे' ह्यांतील निवड केवळ प्रत्ययावरून होत नाही.

ही पोकळी दोन प्रकारांनी भरली गेली. एका पक्षाने म्हटले, की स्त्रीला स्वतंत्रपणे श्रौत यज्ञाचा अधिकार नाही. म्हणून यज्ञ राजानेच केले असले पाहिजेत व राणी त्यात पत्नी म्हणून सहभागी असेल. दुसरा पक्ष म्हणतो, की लेख राणीचा, विशेषणे राणीची, यज्ञविद्येतील नैपुण्य राणीचे; म्हणून अश्वमेध तिनेच केला. पहिल्या पक्षाने धर्मशास्त्रातील नियम हा त्या काळच्या राजघराण्यातील आचार मानला. परंतु नियम आणि आचार ह्यांतील अंतर शोधण्यासाठीच तर आपण शिलालेख वाचतो. दुसऱ्या पक्षास महाराष्ट्राच्या इतिहासारंभी एक कर्तृत्ववान स्त्री पाहावयाची आहे. ही इच्छा उदात्त आहे, पण इच्छेने दगडावरील अक्षर उमटत नाही. दोन्ही पक्षांनी आणलेले वाक्य भिंतीबाहेरचे आहे.

पुढे सातकर्णी व नागनिका ह्या दोघांची नावे असलेले नाणे अभ्यासकांस मिळाले. ते महत्त्वाचे आहे. नामलेखातील जोडीस त्याने स्वतंत्र आधार दिला. पण यज्ञाचा कर्ता कोण, ह्याविषयी ते मौन आहे. अशा वेळी नाण्यास दोन्ही पक्षांचा साक्षीदार करण्याचा मोह आवरला पाहिजे. विस्तारित शेवट पाहूनही ज्यांची उपपत्ती तसूभर हलली नाही, त्या चाहत्यांपेक्षा आपण निराळे आहोत हे येथेच सिद्ध करावयाचे असते.

५

घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. वाटसरूंकडून जकात म्हणून घेतलेली नाणी त्यात टाकीत, व त्यावरून घाटास नाव पडले, असे प्रत्येक पाहुण्यास सांगितले जाते. लेखाच्या उपलब्ध भागात जकातीचा शब्दही नाही. व्यापारी वाटेवर कर घेतला जात असणे संभवनीय आहे. तथापि संभव वेगळा आणि लेखाची साक्ष वेगळी. हे उदाहरण मुद्दाम देण्याचे कारण असे, की लोकांची उपपत्ती आणि विद्वानांची उपपत्ती ह्यांचा उगम एकच आहे. दोघांनाही रिकामी जागा सहन होत नाही. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर: अमुक पुरावा मिळाल्यास मी माझे मत सोडीन, असे अभ्यासकाने आधीच सांगून ठेवावयाचे असते.

खेळाचा कर्ता हयात असतो. तो शेवट वाढवून देऊ शकतो. नाणेघाटच्या लेखास असा कोणी उरलेला नाही. म्हणूनच येथे वाचकाची जबाबदारी अधिक आहे. त्याने भरलेली जागा दुरुस्त करण्यास कोणी येणार नाही, आणि दोन-तीन पिढ्यांनी ती मूळ मजकुरातच जमा होईल.

आता राहिलेल्या अक्षरांकडे पुन्हा पाहू. संयुक्त नामलेखात राणीचे नाव राजाच्या आधी आले आहे. तिची मूर्ती वंशाच्या संस्थापकानंतर लगेच उभी होती. तिच्या पित्याच्या कुळाचा गौरव पतीच्या राजवंशाच्या लेखात कोरला गेला, आणि मूर्तींच्या रांगेत एका महारठीस स्थान मिळाले. एका राणीच्या व्रतांचे व यज्ञविद्येचे वर्णन देशावरून कोकणात जाणाऱ्या गजबजलेल्या वाटेवर करण्यात आले. ह्यांपैकी एकाही विधानास तुटलेल्या दगडाची मदत लागत नाही. सातवाहन सत्तेच्या उभारणीत महारठी घराण्यांशी झालेल्या सोयरिकीचे वजन किती होते, हा प्रश्न त्यांतूनच निघतो, आणि अश्वमेध कोणी केला ह्या वादापेक्षा तो अधिक फलदायी आहे. नागनिकेचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी तिच्या तोंडी गमावलेले वाक्य घालण्याची आवश्यकता नाही.

लेणे कोकणाकडे उघडे आहे आणि दर पावसाळ्यात वाऱ्यापावसाचा मारा त्यावर होतो. म्हणून जुन्या नकला व ठसे आजच्या भिंतीशी ओळीने ताडून पाहण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे, अशी सूचना करावीशी वाटते. त्या टिपणात तीन रकाने असावेत: पहिल्यात आज दिसणारे अक्षर, दुसऱ्यात पूर्वीच्या वाचकाने पाहिलेले पण आता न दिसणारे अक्षर, आणि तिसऱ्यात कोणीही न पाहिलेले, केवळ अनुमानाने घातलेले अक्षर, ते घालणाऱ्याच्या नावासह. तिसरा रकाना वगळू नये. अनुमानाशिवाय खंडित लेख वाचताच येत नाही. मात्र त्यातील अक्षर पहिल्या रकान्यात जाऊ देऊ नये.