‘एसआरएस’मधल्या पहिल्या अक्षराची कुळकथा

मोटारीच्या स्टिअरिंगवर छापलेल्या ‘एसआरएस’ या अक्षरांपैकी पहिले अक्षर ‘सप्लिमेंटल’ म्हणजे ‘पूरक’ या शब्दाचे असून उरलेली दोन ‘रिस्ट्रेंट सिस्टिम’ची, म्हणजे प्रवाशाला आवरून धरणाऱ्या यंत्रणेची आहेत. एअरबॅगचा इतिहास जर्मनीचे वॉल्टर लिंडरर आणि अमेरिकेचे जॉन हेट्रिक यांच्या पेटंटांपासून, तर सीटबेल्टचा १९५९ साली व्होल्वोच्या नील्स बोलिन यांनी सिद्ध केलेल्या त्रिबिंदू पट्ट्यापासून सांगण्याचा प्रघात आहे. ही दोन कुळे एकत्र कशी नांदू लागली, याचा खरा पुरावा मात्र ‘पूरक’ या विशेषणातच सापडतो.

आरंभी एअरबॅग पूरक नव्हती, ती पट्ट्याची वारसदार होऊ पाहत होती. अमेरिकेत बहुसंख्य लोक पट्टा लावतच नसल्याने, प्रवाशाने काहीही न करता त्याला वाचवणारे साधन हवे, असा विचार तेथे बळावला. जनरल मोटर्सने १९७०च्या दशकाच्या मध्यास काही गाड्यांत बसवलेल्या यंत्रणेचे नाव ‘एअर कुशन रिस्ट्रेंट सिस्टिम’ असे होते. त्या नावात ‘पूरक’ नाही, आणि तिच्या जोडीला खांद्यावरचा पट्टा न देता केवळ कमरेचा दिला होता, हेही अर्थपूर्ण आहे.

‘पूरक’ हा शब्द केवळ वकिली सावधगिरीतून आला, असा एक तर्क संभवतो, आणि अमेरिकेतील नुकसानभरपाईचे दावे पाहता तो निराधार म्हणता येत नाही. परंतु मर्सिडीझने १९८०-८१मध्ये एस-क्लास गाडीत आणलेली रचना पाहिली की तो अपुरा ठरतो. तेथे चालकापुढे एअरबॅग होती आणि शेजारच्या प्रवाशाच्या पट्ट्याला प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेच्या क्षणी पट्ट्यातील ढिलाई खेचून घेणारे यंत्र, जोडलेले होते. धडक ओळखून दोघांना चेतवणारी यंत्रणा एकच होती आणि दोघांचे बळही स्फोटक द्रव्याच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या वायूचेच होते. पिशवी आणि पट्टा येथे प्रथमच सख्खी भावंडे झाली, आणि शब्दाने या नात्याला उशिरा नाव दिले, हेच अधिक संभवनीय दिसते.

या नात्यामागचे गणित वेळेचे आहे. पिशवी सुमारे ३० सहस्रांश सेकंदात फुगते आणि लगेच मागील छिद्रांतून वायू सोडू लागते, त्यामुळे शरीर तिच्यावर ती फुगून झाल्यावरच टेकले पाहिजे. पट्टा नसेल तर ब्रेकच्या झटक्याने पुढे सरकलेले शरीर फुगत्या पिशवीच्याच तडाख्यात सापडते. १९९०च्या दशकात अमेरिकेत मुले आणि पट्टा न लावलेली माणसे अशा तडाख्याने दगावली, तेव्हा पिशव्यांचा जोर कमी करण्याची मुभा नियमात द्यावी लागली. आता अनेक गाड्यांत बकलमधला स्विच पट्टा लावला आहे की नाही ते नियंत्रकाला कळवतो, आणि किती तीव्र धडकेला पिशवी उघडायची, हे त्यावरून ठरते.