वृक्षसर्पांचे पक्षिभक्ष्य

झाडाझुडपांवर राहणाऱ्या सापांना बंदिवासात पक्षी, पिले वा अंडी खाऊ घालण्याचा प्रघात. महाराष्ट्रातील वृक्षवासी सापांपैकी हरणटोळ, रुखई व मांजऱ्या हे विशेष परिचित आहेत. सरडे, पाली व बेडूक हे त्यांचे नित्याचे भक्ष्य होय; लहान पक्षी व पिले ते संधी मिळेल तेव्हाच घेतात. मांजऱ्या निशाचर असल्याने झोपलेला पक्षी त्याला सहज सापडतो.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या तालुक्यांत या संबंधाची नैसर्गिक बाजू दिसते. नीरा डावा कालवा व १९८० मध्ये पूर्ण झालेले उजनी धरण यांमुळे येथे कोरड्या माळालगत बागायत व पाणथळ जागा निर्माण झाल्या. विहिरीवर झुकलेल्या बाभळींना सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबतात. त्यांची लांब प्रवेशनळी सापांसारख्या शत्रूंपासून संरक्षण देते, असे मानतात. इंदापूर शहरातील जुन्या चिंचांवर वीण करणाऱ्या चित्रबलाकांना मात्र या बारीक सापांचे भय नाही.

वृक्षसर्पांच्या आहाराची आरंभीची माहिती पाळलेल्या नव्हे, तर मेलेल्या सापांवरून मिळाली. फ्रँक वॉल या लष्करी वैद्याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी सापांच्या जठरातील अवशेष तपासून आपली निरीक्षणे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढे हाफकिन संस्थेत साप पाळले गेले ते मुख्यतः विषासाठी. मनुष्यास घातक नसलेल्या वृक्षसर्पांना तेथे गौण स्थान होते. पुण्यात सर्पप्रेमाची लाट आली ती नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांसह ७२ तास काढल्यानंतर. कात्रजचे सर्पोद्यान १९८६ मध्ये स्थापन झाले.

या लाटेत हौशी पालकांपुढे आहाराचा प्रश्न उभा राहणे स्वाभाविक होते. हरणटोळ हालचाल पाहून शिकार करतो व मृत उंदीर सहसा स्वीकारत नाही. अशा वेळी जिवंत चिमणी वा मुनिया पिंजऱ्यात सोडणे हा सोपा, पण सर्वांत वाईट उपाय होय. पक्ष्याच्या चोचीने सापाच्या डोळ्यास इजा होऊ शकते, परजीवी संक्रमित होतात आणि रानात क्वचित घडणारी गोष्ट पिंजऱ्यात आठवड्याचा नेम बनते. दर जेवणामागे एक रानपक्षी पकडावा लागतो.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये देशी वन्य साप परवान्याविना बाळगणे व संरक्षित पक्षी पकडणे हे दोन्ही गुन्हे आहेत. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०–९१ च्या सुमारास बंद करण्यात आला. परदेशी वृक्षसर्पांचा प्रश्न वेगळा आहे. मांजऱ्याच्याच प्रजातीतील तपकिरी वृक्षसर्प दुसऱ्या महायुद्धानंतर, बहुधा मालवाहतुकीतून, पॅसिफिकमधील ग्वाम बेटावर पोहोचला आणि १९८० च्या दशकापर्यंत तेथील बहुतेक मूळ वनपक्षी नाहीसे झाले. उपर्युक्त अधिनियमात २०२२ मध्ये केलेल्या व १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या सुधारणेने आक्रमक परकी जातींच्या आयात, व्यापार व बाळगण्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार केंद्र शासनास दिला.