द्विध्रुवीय मनोविकाराचे निदान आणि जालन्याचे मनोरुग्णालय : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मधुमेहाचे निदान रक्ततपासणीने होते. बायपोलर अर्थात द्विध्रुवीय मनोविकारासाठी मात्र अशी कोणतीही तपासणी आजही उपलब्ध नाही. थायरॉइड वा अन्य चाचण्या केल्या जातात त्या इतर कारणे वगळण्यासाठी. प्रत्यक्ष निदान होते ते रुग्णाच्या गतायुष्यावरून. या अर्थाने निदान हे एक प्रकारचे इतिहासलेखनच होय. प्रस्तुत लेखात या निदानपद्धतीची वाटचाल आणि जालन्याचा अनुभव यांचा एकत्रित विचार केला आहे.

निदानपद्धतीची वाटचाल :
चरकसंहितेत उन्मादाचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व आगंतू असे पाच प्रकार सांगितले आहेत. आधुनिक वैद्यकात 1854 मध्ये फाल्रे व बायार्झे या फ्रेंच वैद्यांनी उन्माद व विषण्णता आलटून पालटून येणे हा एकच आजार असल्याचे मांडले. 1899 मध्ये जर्मनीच्या एमिल क्रेपेलिन यांनी या आजारास उन्माद-अवसाद असे संबोधले. आजार एका दिवसाच्या लक्षणांवरून नव्हे, तर त्याच्या दीर्घकालीन वाटचालीवरून ओळखावा, हे त्यांचे मूलभूत सूत्र होते. 1980 च्या अमेरिकन वर्गीकरणात 'बायपोलर' ही संज्ञा रूढ झाली.

या वर्गीकरणाच्या आजच्या निकषांनुसार उन्मादाची अवस्था किमान 1 आठवडा, सौम्य उन्मादाची 4 दिवस आणि नैराश्याची 2 आठवडे टिकावी लागते. कमी झोपेतही न थकणे, अतिबोलणे, बेसुमार खर्च ही उन्मादाची काही लक्षणे होत. रुग्ण बहुधा नैराश्याच्या काळात डॉक्टरांकडे येतो. पूर्वीचा सौम्य उन्माद त्याला आजार वाटलेलाच नसतो. कुटुंबीयांना विचारले नाही, तर केवळ नैराश्याचे निदान होते आणि केवळ नैराश्यविरोधी औषधांनी उन्माद उफाळण्याचा धोका संभवतो.

जालन्याचा संदर्भ :
निजाम राजवटीत हैदराबाद संस्थानाचे मनोरुग्णालय जालन्यात होते. त्या काळी अशा संस्थांचा भर उपचारापेक्षा बंदिस्तीवर असे. 1949 मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखवून दिला आणि अचूक निदानाला नवे मोल आले. नेमक्या याच सुमारास, 1953 मध्ये, जालन्याचे मनोरुग्णालय हैदराबादेतील एर्रागड्डा येथे हलविण्यात आले. तीनच वर्षांनी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि ती संस्था परराज्यात राहिली. पुढे महाराष्ट्राची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी अशी चारच ठिकाणी होती. जालन्याहून पुणे सुमारे 300 किलोमीटर. एवढ्या अंतरावर एखाद्या वेळी रुग्णाला नेता येते. मात्र वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यासाठी पुनःपुन्हा जाणे शेतमजूर कुटुंबास परवडत नाही.

समारोप :
मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 नुसार मनोविकाराचे निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय मानकांनुसारच व्हावे लागते. परंतु मानके कितीही काटेकोर असली, तरी रुग्णाचा कालक्रम जाणणारे कोणी नसेल तर ती अपुरी ठरतात. 2022 मध्ये राज्य शासनाने जालन्यात 365 खाटांच्या मनोरुग्णालयास मंजुरी दिली, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि केवळ खाटांनी ही उणीव भरून निघणार नाही. कुटुंबीयांची साक्ष नोंदविणारी, प्रत्येक भेटीची टिपणे जपणारी व तालुकास्तरापर्यंत पोहोचणारी यंत्रणा उभी राहिली, तरच 1953 मध्ये खंडित झालेला दुवा खऱ्या अर्थाने पुन्हा जोडला जाईल.