भाव तेथे देव : परळ-भोईवाड्याची जुनी हकीकत

‘भाव तेथे देव’ ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडी आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम निघाले की ती अधिकच ऐकू येते. परंतु माणसाच्या मनातला भाव प्रत्यक्षात काय घडवितो आणि प्रसंगी काय बिघडवितो, हे पाहावयाचे तर मुंबईच्या भोईवाड्याकडे वळावे. गिरण्यांच्या काळात गावोगावच्या चाकरमान्यांनी जेथे बिऱ्हाडे केली, तोच हा परळचा भोईवाडा.

भोईवाड्याच्या शेजारी हाफकिन इन्स्टिट्यूटची जुनी इमारत उभी आहे. पूर्वी तेथे इंग्रज गव्हर्नरांचे निवासस्थान होते. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीने वारल्या व पुढे गव्हर्नरांचे बिऱ्हाड मलबार हिलला गेले. मागे राहिलेल्या ह्या वास्तूत १० ऑगस्ट १८९९ रोजी प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. तिची हकीकत मात्र तीन वर्षे आधीची आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात गाठीचा ताप आला. मूळचे गोव्याचे डॉ. व्हिएगस यांनी हा प्लेगच असल्याचे ओळखले. सरकारने कडक उपाय योजले. रोग्यास घरातून उचलून इस्पितळात न्यावयाचे, घर धुवून काढावयाचे, सामान जाळावयाचे. लोक भेदरले. इस्पितळात माणसाला उलटे टांगून त्याचे तेल काढतात, अशी वार्ता चाळीचाळींतून पसरली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला.

वार्ता खोटी होती, परंतु तिने स्वतःला खरे करून घेतले. इस्पितळात गेलेला परत येत नाही, ह्या समजुतीने घरची माणसे रोग्यास लपवू लागली. दडवून दडवून अगदी शेवटच्या घटकेला तो इस्पितळात पोहोचे आणि तेथे मरे. मग शेजारपाजारचे म्हणत, पाहा, नेला तो गेलाच. यात केवळ लोकांना दोष देऊन भागणार नाही. ज्या रीतीने अंमलदार घरात शिरत, त्या रीतीने कोणाचाही विश्वास बसला नसता.

१८९७ च्या आरंभापर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. माणसे गावाकडे पळाली व त्यांच्याबरोबर रोगही गेला. गावात उंदीर पडू लागले की लोक घरे सोडून माळावर झोपड्या करून राहू लागले. कोणी त्यास देवीचा कोप म्हणत असे, कोणी हवा बिघडली म्हणे. कारण काहीही मानलेले असो, उंदरांपासून माणूस दूर गेला आणि पुष्कळ जीव वाचले. उंदरांवरील पिसवांमुळे हा रोग पसरतो, हे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली दाखविले.

अशा वेळी वाल्डेमार हाफकिन हे मुंबईत आले. जन्म ओडेसा शहरी, १८६० चा, धर्माने ज्यू. पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत त्यांनी काम केले होते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली मिळाली. मदतीस एक कारकून व शिक्षण नसलेले तीन मदतनीस. एवढ्या सरंजामावर त्यांनी काही महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप चढला, टोचल्या जागी ठणका लागला. ते बरे झाले. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली. टोचलेल्यांत रोग फार थोड्यांना झाला, न टोचलेल्यांत अधिक.

लसीला भाव लागत नाही. श्रद्धाळूच्या अंगात ती जे काम करते तेच अश्रद्धाच्या अंगातही करते. पण दंड पुढे करावयास भाव लागतो. आगाखान यांनी हे नेमके जाणले. त्यांनी आपल्या खोजा अनुयायांसमक्ष लस टोचून घेतली आणि आपल्या गुरूला काही झाले नाही हे पाहून लोक पुढे आले. सरकारी फर्मानाने जे साधले नाही ते ह्याने साधले.

हा विश्वास मात्र काचेसारखा. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला व त्यांना कामावरून दूर करण्यात आले. १९०७ साली ते निर्दोष ठरले, पण मधल्या काळात पंजाबात लोक लसीला भिऊ लागले होते आणि प्लेग थांबलेला नव्हता. १९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले.

भोईवाड्याहून पायी जाण्याच्या अंतरावर, लालबागेत, भावाची दुसरी हकीकत घडली. ती अनेक भाविकांस ठाऊक असेल, पण तिच्यातला अर्धाच भाग सांगितला जातो. १९३२ साली पेरू चाळीतला बाजार बंद झाला. मासे विकणाऱ्या कोळणी व किरकोळ व्यापारी उघड्यावर बसू लागले. ऊन, पाऊस, रोजची उठबस. त्यांनी गणपतीला नवस केला की, बाजाराला कायमची जागा मिळू दे. येथवर सर्वजण सांगतात. परंतु नवस करून ती मंडळी स्वस्थ बसली नाहीत. नगरसेवक कुंवरजी जेठाभाई शहा, डॉ. वि. बा. कोरगावकर, नाखवा कोकम मामा, भाऊसाहेब शिंदे, डॉ. यु. ए. राव व स्थानिक रहिवासी यांनी सतत प्रयत्न केले, तेव्हा जागामालक तय्यबअली यांनी बाजारासाठी जमीन देण्याचे मान्य केले. नवस गणपतीला आणि जागा तय्यबअलींची, हे मुंबईतच शोभावे. जागा मिळणारच असा भाव नसता तर दोन वर्षे हे उंबरठे कोण झिजविता?

१२ सप्टेंबर १९३४ रोजी कोळी व व्यापाऱ्यांनी तेथे गणपती बसविला आणि मूर्तीस कोळ्यांच्या रीतीचा पोशाख केला. लालबागचा बाजार पुढे त्याच जागेवर बांधला गेला.