वीजदराच्या सुनावणीतली उमेदवारी

जालना एमआयडीसीतल्या भट्ट्या भंगारावर चालतात, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. इंडक्शन भट्टीत भंगार आणि स्पंज आयर्न वितळवते ती वीज, आणि सळईच्या किमतीत कच्च्या मालाच्या खालोखाल वाटा असतो तो वीजबिलाचा. म्हणून विजेचा दर कोण ठरवतो, हा जालन्याच्या औद्योगिक इतिहासातला मध्यवर्ती प्रश्न आहे. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षे १९४८च्या कायद्याने हा अधिकार मंडळाच्याच हाती ठेवला. वीज विकणारा आणि भाव ठरवणारा एकच. दर जाचक वाटला तर कारखानदाराने मंडळाच्या अधिकाऱ्याला भेटावे, मंत्र्याला निवेदन द्यावे, फार तर उच्च न्यायालयात रिट करावी. दर ठरण्याआधी ग्राहकाचे म्हणणे ऐकून घ्यायची सक्ती मंडळावर नव्हती.

१९९८च्या केंद्रीय कायद्याने ही घडी मोडली आणि ५ ऑगस्ट १९९९ रोजी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग अस्तित्वात आला. त्याच्या पहिल्या दरनिश्चितीतून काय बाहेर आले, ते मुद्दाम आठवण्यासारखे आहे. मंडळ वर्षानुवर्षे आपली गळती वीस टक्क्यांच्या आत दाखवत होते. शेतीपंपांना मीटर नव्हते, त्यामुळे हिशेब न लागणारी वीज शेतीच्या खात्यावर टाकता येत असे. आयोगापुढे कागद उघडे झाले, पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी ते आकडे तपासले आणि गळती तीस टक्क्यांच्या वर निघाली. हा फरक उघड झाला, कारण मंडळाबाहेरच्या माणसाला कागद मागण्याचा आणि त्यावर प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला होता. २००२मध्ये कलकत्त्याच्या वीज कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दरनिश्चितीत ग्राहकाचे म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क मान्य केला. २००३च्या विद्युत कायद्यातही दराचा प्रस्ताव प्रसिद्ध करणे, त्यावर सूचना-हरकती मागवणे आणि ग्राहकांची बाजू मांडायला प्रतिनिधी नेमणे या गोष्टी आल्या. मराठवाड्यासाठी जाहीर सुनावणी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, होऊ लागली. जालन्याचे गाऱ्हाणे तिथे हरकत म्हणून नोंदवता येऊ लागले आणि आदेशात त्याला उत्तर मिळू लागले.

त्याच १९९९मध्ये, आयोग स्थापन होण्याच्या काही महिने आधी, वकिलीच्या इतिहासात दुसरी एक घटना घडली. सनद मिळण्याआधी वर्षभर उमेदवारी करण्याचा बार कौन्सिलचा १९९५चा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली कच्चे मसुदे खरडत शिकण्याची जुनी रीत नियमाच्या पाठबळाशिवाय उरली. कौन्सिलने २००८च्या विधी शिक्षण नियमांत ती नव्या रूपात परत आणली: तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवड्यांची इंटर्नशिप. ती कुठे करावी, या यादीत वकील आणि न्यायालयांच्या जोडीने नियामक संस्थांचाही उल्लेख आहे. ही ओळ महाराष्ट्रातल्या कायदा महाविद्यालयांनी पुरेशी मनावर घेतलेली नाही, असे माझे मत आहे. आपले शिक्षण अजून दिवाणी-फौजदारी कोर्टाभोवतीच फिरते. पण जालन्यातल्या रोलिंग मिलचा नफा-तोटा ज्या कागदांवर ठरतो, ते कोर्टाच्या दप्तरात नसतात. ते आयोगाच्या दरआदेशांत असतात. म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्यांना ही इंटर्नशिप वीज आयोगातही करता यावी.

यावर पहिला आक्षेप असा की दरनिश्चिती हे अभियंत्यांचे आणि लेखापालांचे काम, तिथे कायद्याचे पोर काय करणार? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयानेच २०१८मध्ये दिले. आयोग निवाडा करतो, म्हणून त्याच्या सदस्यांत किमान एक जण कायद्याच्या क्षेत्रातला हवाच, असे त्या निकालाने ठरवले. शिवाय दराचे वादही शेवटी समन्यायाचेच असतात. अनेक वर्षे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतल्या विजेवर युनिटमागे दीड रुपयापर्यंत सवलत होती आणि भट्ट्यांनी आपल्या पाळ्या त्याप्रमाणे लावल्या. आता सौरऊर्जा वाढल्यावर सवलतीचा रोख दिवसाकडे वळला आहे. जुन्या सवलतीच्या भरवशावर गुंतवणूक केलेल्याला काही संरक्षण मिळावे की नाही, हा प्रश्न अभियंत्याच्या गणिताने सुटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नियमाप्रमाणे इंटर्नशिप एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि दराच्या अर्जावर निर्णय द्यायला कायद्यानेच १२० दिवस दिले आहेत. चार आठवड्यांत विद्यार्थी अर्जाचा आरंभ पाहील तर शेवट पाहणार नाही, हे खरे. पण जुना उमेदवारही एखादा दावा पहिल्या नोटिशीपासून अपिलापर्यंत क्वचितच पाहत असे. तो एका टप्प्यावरचे काम नीट शिके. आलेल्या हरकती वाचणे, त्यांची विषयवार वर्गवारी करणे, दर मागणाऱ्या वीज कंपनीचे उत्तर मूळ मुद्द्याला भिडते की त्याला वळसा घालते हे ताडून पाहणे, एवढे चार आठवड्यांत साधते. गोपनीयतेची अडचण इथे फारशी येत नाही, कारण हे कागद कायद्यानेच जाहीर आहेत. उद्योगाच्या बाजूचे वकील घडवायला सार्वजनिक संस्था कशाला, असेही कोणी विचारील. पण हरकत शेतीपंपवाल्याचीही असते आणि घरगुती ग्राहकाचीही. मोठा कारखाना सल्लागार विकत घेऊ शकतो, त्यांना ते परवडत नाही.

खरा अडसर अंतराचा आणि पैशाचा आहे. आयोगाचे कार्यालय मुंबईत कफ परेडला आहे. जालन्याच्या विद्यार्थ्याने तिथे महिनाभर स्वखर्चाने राहावे, ही अपेक्षा म्हणजे संधी मुंबई-पुण्याच्या मुलांपुरती ठेवणे होय. करोनाकाळात आयोगाने सुनावण्या ऑनलाइन घेतल्या, त्यामुळे दूर बसून काम होत नाही ही सबब उरलेली नाही. जालन्यापासून साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला २०१७पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे आणि १९५६पासूनचे माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालयही आहे. आयोगाने या दोन्ही संस्थांना हाताशी धरावे, मराठवाड्याच्या सुनावणीआधीचे चार आठवडे तिथल्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावेत आणि त्यांना विद्यावेतन द्यावे.