वळणाऱ्या उजेडाचा इतिहास

नागपूरहून हैदराबादकडे निघालं की जामच्या चौकात चंद्रपूरचा रस्ता फुटतो. अशा महामार्गांच्या कडेनं पुरलेल्या ऑप्टिकल फायबरमधून फोन आणि इंटरनेट धावतं, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. पण शोकेसमधला तो झुपकेदार दिवा, ज्याच्या केसांच्या टोकांवर रंगीत ठिपके चमकतात, तो याच घराण्यातला आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. विशेष म्हणजे तो वयानं मोठा. फायबरमधून टेलिफोनचे कॉल १९७७ मध्ये धावू लागले. हे दिवे त्याच्या आधीच युरोप-अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत पोचले होते.

काचेत शिरताना उजेड किती वळतो, याचा नियम पाठ्यपुस्तकांत डच गणिती स्नेलच्या नावावर आहे. बगदादच्या इब्न सहलनं तो इ.स. ९८४ च्या सुमारास मांडला होता. त्याच्या ग्रंथाची पानं दमास्कस आणि तेहरानमध्ये विखुरलेली होती. ती जुळवून रुश्दी राशिद यांनी १९९० मध्ये हे दाखवून दिलं. यावरून 'सगळं आमच्याकडेच होतं' असा गजर करणाऱ्यांपासून मी चार हात लांब राहतो. इब्न सहलला सूर्यकिरणं एकवटून जाळणारे आरसे आणि भिंगं करायची होती, दिवे नव्हेत. मात्र त्याचं नाव गाळून हा इतिहास सांगणंही प्रामाणिकपणाचं नाही.

खरी गंमत पाण्यात घडली. १८४१ मध्ये जिनिव्हाचे प्राध्यापक डॅनियल कोलाडॉन विद्यार्थ्यांना पाण्याची धार दाखवत होते. मागच्या बाकांवरून ती दिसेना, म्हणून त्यांनी भिंगातून धारेत उजेड सोडला. उजेड सरळ बाहेर पडण्याऐवजी धारेबरोबर वाकला आणि जिथं धार फुटली तिथं विखुरला. पाण्यातून तिरपा येणारा किरण ठरावीक कोनापलीकडे हवेत निसटू शकत नाही, आतल्या आतच उलटतो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. १८५३ मध्ये पॅरिसच्या ऑपेरानं ही युक्ती रंगमंचावर आणली. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात तर रंगीत कारंजी बघायला लोटच्या लोट उसळले. 

घराचा विचार केला तो अमेरिकन इंजिनिअर विल्यम व्हीलरनं. तळघरात एकच प्रखर आर्क दिवा लावायचा आणि नळानं पाणी न्यावं तसा आतून चकचकीत नळ्यांमधून उजेड खोल्याखोल्यांत न्यायचा, या कल्पनेचं पेटंट त्याला १८८१ मध्ये मिळालं. पण नळीतलं प्रत्येक परावर्तन थोडा उजेड गिळतं. तेवढ्यात एडिसनचा बल्ब आला आणि व्हीलर विस्मरणात गेला.

मग मोग्यात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी. लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्यासोबत त्यांनी काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. जानेवारी १९५४ मध्ये 'नेचर'च्या ज्या अंकात हे छापून आलं, त्याच अंकात डच शास्त्रज्ञ व्हॅन हील यांनी तंतूला वेगळं आवरण दिलं तर उजेड गळत नाही, हे सांगितलं. 'फायबर ऑप्टिक्स' हा शब्द कपानींनी रूढ केला. २००९ चं नोबेल चार्ल्स काव यांना मिळालं, कपानींना नाही. काव यांचं काम मोठंच, तरी हे खटकतं.

घरातली व्यवस्था साधी आहे. एका पेटीत दिवा, त्याच्यासमोर तंतूंची जुडी. पुढं तंतू छतात ओवले की चांदण्या, हौदात सोडले की पाण्यातला उजेड. वीज पेटीपाशीच थांबते, म्हणून ओल्या हातांची भीती नाही. घरगुती तंतू बहुधा ॲक्रिलिकचे असतात आणि ते ७०-८० अंशांपलीकडे टिकत नाहीत. शिवाय उघड्यावर उन्हानं पिवळे पडतात. वर्ध्याच्या मे महिन्यात अंगणात लावायचे तर पेटी सावलीत आणि तंतू नळीतून न्यावेत.

महाराष्ट्रात या तंत्राचं सगळ्यात शहाणं काम मात्र अजिंठ्यात झालं. तिथली चित्रं अंधारातली. पूर्वी मशाली नि दिव्यांची काजळी बसायची. राखणदार आरसे आणि पांढऱ्या चादरी धरून ऊन आत वळवत. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांच्या काळात, १९२०-२२ मध्ये, चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावले गेले. सुटणारे रंग त्यांनी जागेवर बसवले, पण त्यांनी लावलेला लाखेचा थर पुढं काळवंडला. चित्रं वाचवणाऱ्या हातूनही चित्रांना इजा होते, ती अशी. यझदानींनी चार खंडांत ती छापून जगापुढं ठेवली, हे त्यांचं ऋण वेगळंच.

नंतर पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यानं काही लेण्यांत फायबर ऑप्टिक दिवे बसवले. दिव्याची उष्णता मागं पेटीतच राहते, अतिनील किरणं गाळता येतात, आणि तंतूच्या टोकातून येतो तो फक्त उजेड. मंद असतो, डोळ्यांना सरावायला दोन मिनिटं लागतात. मग पद्मपाणीच्या हातातलं कमळ दिसू लागतं.