खाऱ्या पाण्यातला खिळा

पश्चिम किनाऱ्यावरच्या होडीची थोरवी सांगताना आपण सागाचे नाव घेतो. सागात तेल असते, तो लवकर कुजत नाही, हे खरेच आहे. पण पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत खारदांड्यासारख्या कोळीवाड्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेली जुनी लाकडी होडी नीट न्याहाळली, तर फळी बहुधा मधोमध खराब झालेली दिसत नाही. ती खराब होते खिळ्याच्या भोकाभोवती. होडीचे बाहेरचे अंग म्हणजे आतल्या फासळ्यांवर बसवलेले फळ्यांचे कवच. ते किती वर्षे टिकेल, हे फळीइतकेच फळीला धरून ठेवणाऱ्या वस्तूवर ठरते. या वस्तूची निवड हा सागरी इतिहासातला दुर्लक्षित विषय आहे.

प्राचीन काळी अरबी समुद्रात फळ्या शिवण्याची रीत मोठी होती. कल्याण, सोपारा आणि चौल या बंदरांची नावे देणाऱ्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात शिवलेल्या नौकांचाही उल्लेख आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझची जहाजे नारळाच्या काथ्याने शिवलेली पाहिली आणि ती वाईट ठरवली. भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’त समुद्रगामी नौकेत लोखंड वापरू नये असे सांगितले आहे, कारण दिले आहे समुद्रातल्या लोहचुंबकाच्या खडकांचे. हे खडक कल्पनेतले. पण खाऱ्या पाण्यात लोखंड दगा देते, हा अनुभव त्या कथेमागे असावा, असे मला वाटते.

शिवण हे अडाणीपणाचे लक्षण मानण्याचेही कारण नाही. शिवलेले कवच लाटेबरोबर थोडे लवते आणि झिजलेला दोर बदलता येतो. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून बांधलेले, काथ्याने शिवलेले ‘कौंडिण्य’ मे २०२५ मध्ये कारवारला भारतीय नौदलात दाखल झाले.

पोर्तुगीजांच्या आगमनानंतर मोठ्या जहाजांत खिळ्यांची बांधणी वाढत गेली. लोखंडी खिळा स्वस्त, बळकट आणि गावच्या लोहाराकडून घडवून घेता येणारा. त्याचे टोक आत वळवले की फळी घट्ट आवळली जाते. पण मिठाच्या ओलीत तो गंजतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे लाकूड चिरते. त्या प्रक्रियेत तयार होणारे लोहक्षार आणि अल्क भोवतालचे लाकूड भुसभुशीत करतात. मग जुन्या भोकात नवा खिळा धरत नाही. तो अधिक जाड घ्यावा लागतो किंवा जागा बदलून ठोकावा लागतो. फळीत फार भोके झाली की फळीच बदलावी लागते.

तांबे हा यावरचा महागडा उपाय. तोही किती सांभाळून करावा लागतो, हे ब्रिटिश आरमाराला १७६३ मध्ये कळू लागले. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव म्हणून ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे लावले होते. दोन वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाल्ले गेलेले आढळले. जिथे मध्ये खाकी कागद शाबूत राहिला होता, तिथले खिळे टिकले होते. खारे पाणी मध्ये आले की दोन धातूंची विजेची घटमाला तयार होते आणि त्यात लोखंडाचा बळी जातो. अखेर १७८० च्या दशकात पाण्याखालच्या भागातले लोखंडी बोल्ट काढून तांब्याच्या मिश्रधातूंचे बोल्ट वापरण्याचे ठरले. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले. त्यांच्या घराण्याने बांधलेली, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली सागवानी ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे.

कोळ्याच्या होडीमागे सरकारी खजिना नव्हता. तांब्याचा खिळा मऊ. त्यासाठी आधी भोक पाडावे लागते, मग टोक ठोकून बसवावे लागते. साहित्यही महाग, मजुरीही अधिक. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेलने लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या रीतीचे पेटंट घेतले, आणि पुढे मधला मार्ग मिळाला. जस्त स्वतः झिजते आणि आतले लोखंड वाचवते. मात्र मुलामा संपला की गंज ठरलेलाच. गंज न धरणारे म्हणून विकले जाणारे पोलादही पाण्याखाली, ओल्या लाकडात, जिथे हवा पोहोचत नाही तिथे खड्डे पडून कमजोर होते. म्हणून दरवर्षी होडी ओढून काढायची, फटी भरायच्या, सैल खिळे बदलायचे, हा खर्च गृहीत धरूनच कोळी स्वस्त खिळा निवडत आला. ती निवड त्याच्या कमाईच्या हिशेबाला धरून होती.

आता लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्या घेत आहेत. जुन्या लाकडावर फायबरचा थर चढवला, तर आतला खिळा दिसेनासा होतो आणि ओल कोंडली तर कळतही नाही. मोडीत निघालेली होडी बहुधा सरपणात जाते. ती फोडण्याआधी तिच्या खिळ्यांची जाडी, धातू, वळवलेली टोके आणि एकाच जागी पडलेली दुसरी-तिसरी भोके यांची नोंद कोणी करायला हवी. होडीच्या दुरुस्त्यांचा हिशेब सुतारांनी वहीत क्वचितच लिहिला. तो फळ्यांत आहे, आणि फळ्या जळाल्या की तो परत मिळणार नाही.